मशीनपुरती जागा

काशिनाथ मिस्त्री माझ्या टेबलाशी उभे राहून “बाय, गाडी लागली” म्हणाले, की ते गोडाऊनच्या पार शेवटच्या शटरपर्यंत ऐकू जायचं. नवीन आलेल्यांना वाटायचं, हा माणूस रागावलाय. रागावलेले ते क्वचितच असत. तीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला आपला आवाज केवढा आहे ते कळत नाही, एवढंच.

काल्हेरच्या त्या गोडाऊनला मी डिस्पॅचच्या टेबलावर होते आणि मिस्त्री मेंटेनन्सला. त्याआधी ते भिवंडीत एका पॉवरलूमच्या कारखान्यात होते. लूम बंद पडला की तो पुन्हा चालू करून देणं हे त्यांचं काम. पुढे कारखाना मोडीत निघाला, लूम तोडून भंगारात गेले, त्या जागेवर सात मजली इमारत आली. मिस्त्री हे नाव तेवढं त्यांच्याबरोबर काल्हेरला आलं. खरं आडनाव तरे, पण ते फक्त हजेरीच्या मस्टरवर.

अंगानं काटकुळे, उंच, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. आणि कान मोठे. नुसते मोठे नव्हते, डोक्यापासून फटकून उभे होते, सुपासारखे. सकाळी शटरकडून ऊन आलं की ते आरपार लाल दिसायचे. म्हणून की काय, मे महिन्यातही त्यांच्या डोक्यावर कानटोपी असायची. घाम कानशिलावरून ओघळायचा, पण टोपी निघायची नाही.

टोपी कान झाकायची, तरी ते आहेत हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंटेनरचा एक ड्रायव्हर दर खेपेला म्हणायचा, “इतने बड़े कान, और सुनाई कुछ नहीं देता!” लोडर हसायचे. मिस्त्रींना शब्द ऐकू यायचे नाहीत, पण तोंडं दिसायची. मग तेही हसायचे, सगळ्यांचं हसून झाल्यावर, एकटेच. आणि टोपी थोडी खाली ओढायचे.

कामात मात्र त्यांच्याकडे बघत राहावं असं होतं. कन्व्हेयरचा पट्टा चालू असला की ते त्याच्या पत्र्यावर पंजा ठेवून, डोळे मिटून उभे राहत. एकदा मॅनेजरला म्हणाले, “बेअरिंग गेला. दोन दीस चालंल.” मॅनेजर म्हणाला, काही आवाज तर येत नाही. मी ते चिठ्ठीवर लिहून दाखवलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, “आवाजावर जाऊ नको. हात लाव.” तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टा जागच्या जागी थांबला आणि अठरा गाड्या गेटवर खोळंबल्या.

चिठ्ठी लिहायची सवय मीच लावून घेतली होती. सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत. मला ओरडायला जमत नाही, म्हणून मी जुन्या गेटपासच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायचे. ते चष्मा लावून वाचायचे आणि उत्तर मात्र ओरडून द्यायचे. आमची ओळख झाली ती अशी.

कामतघरच्या एका चाळीत त्यांची एक खोली होती. बायको, वनिता, बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेली. एकुलती एक मुलगी रेश्मा उरणला दिलेली. ती दर दोन-चार दिवसांनी दुपारी जेवणाच्या सुट्टीत फोन करायची. मिस्त्री फोन स्पीकरवर टाकून तोंडासमोर धरायचे. ती ओरडायची, “जेवलात? गोळी घेतली? ठेवते.” ते ओरडायचे, “बरा हाय, बरा हाय!” तिनं काहीही विचारलं तरी तेच. संपला फोन.

त्या दिवशीही आम्ही जेवायलाच बसलो होतो. फोन वाजला. आज रेश्माचा आवाज लहान होता. “बाबा,” ती म्हणाली, “आमच्या आई गेल्या.”

डबे उघडून बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते स्वच्छ ऐकू आलं. फक्त मिस्त्रींना नाही.

“आल्या?” ते आनंदानं ओरडले. “बरा झाला! तुला सोबत झाली! ऱ्हाव दे त्यांना दोन म्हैने!”

पलीकडे माणसं जमलेली असावीत. रडण्याचा आवाज येत होता, तो एकदम थांबला. मी उठून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत फोन कट झाला होता. मिस्त्री भाकरीचा तुकडा मोडत आमच्याकडे बघून म्हणाले, “तिची सासू आली. गावी गेलती ना, ती.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण चिठ्ठ्या मी लिहायचे. मी लिहिलं, ‘आल्या नाहीत. गेल्या. वारल्या.’

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. मग डबा तसाच झाकून ते उठले आणि मॅनेजरला न विचारता गेटबाहेर पडले.

उरणला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा म्हणाले, “जावई उठून आत गेलं. पोरीनं पानी दिला, बोलली न्हाय.” हे सांगतानाही आवाज तेवढाच मोठा, त्यामुळे ते सगळ्या गोडाऊनला कळलं.

रेश्माचे फोन थांबले. दोन आठवडे वाट बघून त्यांनी माझ्याकडून मेसेज लिहून घेतला, ‘ऐकण्यात चूक झाली, माफ कर.’ उत्तरात नुसते जोडलेले हात आले. मिस्त्री त्या हातांकडे बघत म्हणाले, “ह्याचा काय समजायचा?”

मी लिहिलं, ‘मशीन घ्या. ऐकण्याचं.’

एका रविवारी ते ठाण्याला जाऊन आले, पण रिकाम्या हातानं. दुकानातल्या बाईंनी मशीन कानामागे अडकवून आरसा समोर धरला होता. “कानावर आनखी एक कान,” मिस्त्री म्हणाले. “मानसा आधी कानाकडंच बघतात, मंग माज्याकडं. आता कानाच्याबी आधी मशीन बघतील.”

काही दिवसांनी त्यांनी मला वर्तमानपत्राचं एक कात्रण दाखवलं. कानाचा आकार सुधारण्याच्या ऑपरेशनबद्दल कोणा डॉक्टरांनी लिहिलं होतं. सोबत तरुण मुलामुलींचे फोटो. मिस्त्री साठीला टेकलेले. मी लिहिलं, ‘हे कशाला? आधी ऐकू येणं महत्त्वाचं.’ पेन जरा जोरातच टेकवलं होतं.

“तुला न्हाय कलनार,” ते म्हणाले. “तुज्या कानाकडं कोन बघत न्हाय.” मग समजावल्यासारखं म्हणाले, “लूम बशिवतान आधी पाया सरल करतो. वाकड्या पायावर मशीन टिकल का?”

डॉक्टर बाई तिशीच्या असतील. दवाखाना ठाण्याला, मी सोबत गेले होते. त्यांनी कान वळवून, दाबून पाहिले, मग कागद ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘यानं ऐकू जास्त येणार नाही. आधी मशीन लावा.’

“म्हाईत हाय,” मिस्त्री म्हणाले. बाहेरच्या बाकावरचे पेशंट दारातून डोकावले. “मशीनच लावायची हाय मना. पन लाजत लावली तर दोन दिसात काढून ठेवीन. मी मना वलखतो.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कानाचं चित्र काढलं. मागून चीर, आतल्या कुर्चेला टाके, कान आत वळवून डोक्याकडे आणायचा. मिस्त्रींनी चित्र निरखलं आणि डॉक्टरांच्या हातातून पेन घेतलं. डोक्याजवळ आणलेल्या कानाची रेघ खोडून थोडी लांब ओढली. “येवरा टाइट नको. मागं मशीनपुरती जागा ठेवा.”

डॉक्टर हसल्या. “बरोबर आहे,” त्या मला म्हणाल्या, “हे मला आधी सुचायला हवं होतं.”

ऑपरेशनच्या दिवशी फॉर्मवर सोबतच्या नातेवाइकाचं नाव हवं होतं. नर्सनं विचारलं, “कोण लागता तुम्ही?” मी सांगितलं, एका ऑफिसात आहोत. ती म्हणाली, तसं नाही चालत, घरचं कोणी? मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांना वाटलं, उशीर होतोय म्हणून आम्ही बोलतोय. “घ्या लौकर,” ते नर्सला म्हणाले, “हिला डुटी हाय.” मी नात्याच्या रकान्यात ‘पुतणी’ लिहिलं. त्यांनी ते वाचलं नाही, चष्मा आधीच काढून माझ्या हातात दिला होता.

भूल फक्त कानापुरती दिली होती. दोन तासांनी बाहेर आले तेव्हा डोक्याला कपाळापासून मानेपर्यंत जाड पट्टी. “बाहेरचा काय ऐकू येत न्हाय,” रिक्षात ते मला सांगत होते, “पन आतला येत व्हता. करकर, करकर. कानस मारल्यासारका.” रिक्षावाल्यानं दोनदा मागे वळून पाहिलं.

पट्टी आठवडाभर ठेवायची. उताणंच झोपायचं, कुशीवर वळायचं नाही. डोकं धुवायचं नाही. चष्मा लावायचा नाही, कारण काड्या टाक्यांवर बसतील. ही शेवटची अट मला तेव्हा साधी वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेज घेऊन त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा कळलं की तिचा अर्थ काय होतो. कानांवर पट्टी, त्यामुळे होतं नव्हतं ते ऐकू येणं बंद. डोळ्यांना चष्मा नाही, त्यामुळे माझी चिठ्ठी वाचता येईना. मी एका कागदावर एकच शब्द लिहायला लागले, पाटीवर लिहितात तसा. ‘दुखतं?’ ते डोळ्यांजवळ धरून वाचायचे. “न्हाय.” ‘जेवलात?’ “व्हय.” एवढंच बोलणं.

दार उघडायला मात्र त्यांना उठावं लागत नव्हतं. त्यांनी कडीला सुताचा दोरा बांधून खाटेपर्यंत आणला होता. दुसरा एक दोरा खाटेवरच्या नटबोल्टांच्या डब्याला बांधून खिडकीतून बाहेर सोडला होता. बाहेरून तो ओढला की डबा त्यांच्या पंज्याखाली हलायचा, मग ते पडल्या पडल्या कडीचा दोरा ओढायचे. शेजारच्या भाभींना त्यांनी “पडलो” असं सांगितलं होतं. त्या दोरा ओढून डाळ ठेवून जायच्या.

दुसरा हात छातीवर असायचा आणि त्या हाताखाली फोन, व्हायब्रेटवर ठेवलेला. ‘कशाला?’ मी लिहिलं.

“टाइम बघाया,” ते म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांना फोनवरचे आकडे दिसत नव्हते.

मी बसले होते तेवढ्यात फोन थरथरला. ते ताडकन उठून बसले, फोन माझ्याकडे धरला. रिचार्जची जाहिरात होती. मी मान हलवली. ते पुन्हा उताणे झाले, डोकं नीट दोन उशांच्या मधोमध ठेवून. आठ दिवसांत रेश्माचा फोन आला नाही. तिला काही सांगितलंच नव्हतं, तर ती कशाला करेल? मी कळवते म्हटलं, तर त्यांनी हातानंच नको केलं.

पट्टी निघाली तेव्हा कान निळे-पिवळे, सुजलेले. पण डोक्याला लागून बसलेले. आरशात बघून ते नर्सला म्हणाले, “रंग अजून सुकायचा हाय.” पुढे दीड महिना झोपताना डोक्याला पट्टा बांधायचा होता. दुकानातला त्यांना आवडला नाही. मऊ सुती कापडात इलॅस्टिक घालून त्यांनी स्वतःच शिवला. कानांना मुंग्या यायच्या, कधी काहीच जाणवायचं नाही. “परक्याचे कान लावलेत असा वाटतय,” म्हणायचे.

कामावर आले ते टोपी न घालता. आयुष्यात पहिल्यांदा, असं मला वाटतं. शटरमधून आत येताना त्यांची चाल जरा ताठ होती. लोडरांनी एकदा पाहिलं आणि ते पुन्हा कामाला लागले. तो ड्रायव्हर आला, थांबला, बघत राहिला. आता काय म्हणतो, म्हणून मी लिहायला कागद पुढे ओढला. तो म्हणाला, “मिस्त्री, टोपी किधर गई? खो गई क्या?”

मी चिठ्ठी लिहिली. मिस्त्रींनी वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. कान कोणाच्याही लक्षात आले नाहीत. टोपी लक्षात आली. त्यांना आनंद झाला की वाईट वाटलं, ते मला त्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

जखमा भरल्यावर मशीन आलं. कान आणि डोकं यांच्यामध्ये ते बरोबर बसलं, बोटानं चाचपून त्यांनी खात्री केली. मग मला म्हणाले, “बोल.”

“काय बोलू?”

ते दचकले. माझ्यामुळे नाही. त्यांनी “बोल” म्हटलं होतं ते स्वतःलाच ऐकू गेलं होतं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, “मी येवरा वरडत व्हतो?”

मी मान हलवली.

“रोज?”

“हो.”

“मंग कोनी सांगितला का न्हाय?”

त्या दिवसापासून ते हळू बोलायला लागले. इतकं हळू, की आम्हालाच “काय म्हणालात?” असं पुन्हा विचारावं लागायचं. गोडाऊनमध्ये त्यांचा आवाज नसला की पोकळी जाणवायची. मॅनेजर एकदा म्हणाला, मिस्त्री आज आले नाहीत का? ते त्याच्या मागेच उभे होते.

घरी काय ऐकू येतं, असं मी विचारलं होतं. “पंखा,” ते म्हणाले. “शेजारचा मिक्सर. आनि भाकरी चावतो, तो आवाज.” पुढे म्हणाले, “पंखा येवरा कुरकुरतो, म्हाईतच नव्हता. वनितानं कवा बोलून न्हाय दाखवला.” दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यात तेल घातलं. मग म्हणाले, “आता खोलीत कायच ऐकू येत न्हाय.”

रेश्माला फोन करायच्या आधी आठवडाभर त्यांनी सराव केला. मी माझ्या टेबलावरून फोन लावायचे आणि ते पॅलेटच्या थप्पीमागे उभे राहून मी म्हटलेलं तसंच्या तसं परत म्हणायचे. गाड्यांचे नंबर, गावांची नावं, दापोडे, दिघाशी. चुकायचेही. चुकले की मला तेच पुन्हा म्हणायला लावायचे.

शेवटी एका दुपारी ते म्हणाले, “उभी ऱ्हा इथं.” नंबर लावला. स्पीकर सवयीनं दाबलेलाच होता. तिकडे रेश्मा म्हणाली, “हॅलो?”

“मी बोलतो, बाय.”

“कोण बोलतंय?”

“मी.”

“कोण मी? बाबांच्या फोनवरून कोण बोलतंय? बाबा कुठायत?” तिचा आवाज चढला. “काय झालं त्यांना?”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होणार तोच ते म्हणाले, “बाबाच हाय. वरडू नको. येतय ऐकू.”

मग तिनं, अगदी साध्या आवाजात, विचारलं, “खरंच?”

मी तिथून निघाले. टेबलावरून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. स्पीकर बंद करून त्यांनी फोन कानाला लावला होता आणि ते काही बोलत नव्हते, नुसते ऐकत होते. सुट्टी संपली, शटर वर गेलं, पहिली गाडी लागली, तरी तसेच. नंतर मला म्हणाले, “सासूचा सगला सांगितला तिनं. दवाखान्यात नेली तिथपासून. मी ऐकला.”

दिवाळीनंतर ते दोन दिवस उरणला जाऊन आले. त्याच सुमारास मला दापोड्याला दुसऱ्या कंपनीत नोकरी लागली. माझ्या शेवटच्या दिवशी ते टेबलाशी येऊन बसले. तोवर उरणबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मी विचारलं, “कान बघितले का रेश्मानं?”

“न्हाय. म्हनली, बाबा, बारीक झालात.”

“आणि जावई?”

ते टेबलावरचा स्टेपलर उघडून त्याची स्प्रिंग बघत होते. “दुपारी जेवून आडवा झालो. भिंतीपलीकडं दोघं बोलत व्हती. जावई म्हनलं, किती दिवस ऱ्हानार हायत? पोरगी म्हनली, हलू बोला, त्याना ऐकू येतं आता.”

माझा हात सवयीनं पाठकोऱ्या कागदाकडे गेला. आता चिठ्ठीचाही आधार नव्हता.

“मंग मी मशीन काढून उशाला ठेवली आनि झोपलो,” ते म्हणाले. “दुसरे दिशी निघालो. पन मना ऐकू येतय हा तिला पटला, बघ. ती त्याला तसा बोलली.” स्टेपलर मिटवून त्यांनी जागेवर ठेवला. कुठंतरी शटर अडकलं होतं, कोणीतरी हाक मारली, आणि ते लगेच उठले.

त्यानंतर त्यांना एकदाच पाहिलं. पावसाळा संपत आला होता. अंजूरफाट्याला सिग्नलजवळ माझी रिक्षा अडकली होती आणि समोरच्या बसथांब्यावर ते बसले होते. पायाशी पिशवी, डोकं उघडं. हाक मारावी असं मनात आलं, पण मागेच दोन कंटेनर हॉर्न वाजवत होते. तेवढ्यात गावाकडची एक म्हातारी डोक्यावरची पाटी सावरत थांब्यावर आली. तिनं त्यांना काहीतरी विचारलं, बसचं असेल. त्यांनी मान थोडी तिच्याकडे झुकवली, पूर्ण ऐकून घेतलं, आणि उत्तर दिलं. तिनं आणखी काही विचारलं. त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली. म्हातारी टेकली आणि बोलायला लागली, हातवारे करत, संपायचं नाव नाही. मिस्त्री रस्त्याकडे बघत अधूनमधून मान हलवत होते. सिग्नल सुटला.